कच्ची कल्पना कोणाला दाखवायची?

गेल्या दिवाळीत देवासला मामाकडे गेले होते. भाऊबीजेची दुपार, जेवून सगळे आडवे झालेले, आणि मामाचा मुलगा, आमचा दादा, मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. दादा पीथमपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहतो, रविवारी घरी येतो. मोबाईलवर त्याने वहीच्या पानांचे फोटो दाखवले. जखमी जवानाला अरुंद नाल्यातून, दगडधोंड्यांतून एकट्या माणसाला ओढत आणता येईल असं घडीचं स्ट्रेचर होतं ते. खाली एकच चाक, नको तेव्हा काढून पाठीवर टाकता येणारं. मापं पेन्सिलीने, दुरुस्त्या लाल पेनाने.

"हे सैन्याच्या कामाचं आहे की नाही, ते मला कोण सांगेल? आणि सांगणाऱ्यानेच उद्या आपल्या नावावर केलं तर?" त्याने विचारलं.

मी भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे घरच्यांच्या हिशेबाने 'सायन्सवाली'. मला उत्तर ठाऊक असणार असं त्याने धरूनच चाललं होतं. मला काही ठाऊक नव्हतं. "बघून सांगते रे दादा," एवढं म्हटलं आणि पुढचे काही महिने खरंच बघत राहिले. त्यातलं जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

आधी जागा सांगते, कारण मंडळातल्या बऱ्याच जणांना माळवा फक्त पोह्यांपुरता माहीत आहे. इंदूर मध्ये धरा. ईशान्येला पस्तीसेक किलोमीटरवर देवास, पश्चिमेला साठेक किलोमीटरवर धार. दोन्ही जुनी पवारांची संस्थानं. देवासात तर एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं नांदत होती. आज धार जिल्ह्याचं नाव निघतं ते पीथमपूरच्या कारखान्यांमुळे. गाड्यांच्या चाचणीसाठी बांधलेला ११.३ किलोमीटरचा 'नॅट्रॅक्स'चा वेगवान ट्रॅकही तिथेच आहे, २०२१ साली सुरू झालेला. आणि पीथमपूरला अगदी लागून महू. महू म्हटलं की आपल्याला बाबासाहेबांचं जन्मस्थान आठवतं. सैन्यातल्या माणसाला इन्फंट्री स्कूल आठवतं. म्हणजे दादा ज्या खोलीत बसून स्ट्रेचर काढत होता, तिथून ते वापरणारी माणसं तासाभराच्या आत होती. त्याच्यात आणि त्यांच्यात फक्त एक फाटक होतं, आणि ते कसं उघडतात हे त्याला माहीत नव्हतं.

पण मुळात संरक्षण खात्याला बाहेरच्या माणसाला विचारायची गरज काय? पगारी शास्त्रज्ञ आहेत, प्रयोगशाळा आहेत. मला हा प्रश्न पडला होता, आणि त्याचं उत्तर आपल्या संरक्षण संशोधनाच्या जन्मातच सापडलं. स्वातंत्र्य मिळाल्यावर नेहरूंनी सल्ला मागितला तो पॅट्रिक ब्लॅकेट या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाला. परका माणूस, तोही नुकत्याच गेलेल्या राज्यकर्त्यांच्या देशातला. ब्लॅकेटनी १९४८ साली अहवाल दिला. त्याचा एकूण रोख असा की बड्या राष्ट्रांशी महागड्या अत्याधुनिक शस्त्रांत स्पर्धा करू नका, जे झेपेल आणि लागेल ते आधी नीट करा. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक दौलतसिंह कोठारी संरक्षण मंत्र्यांचे पहिले वैज्ञानिक सल्लागार झाले. ते उदयपूरचे, काही शाळा इंदुरात शिकलेले, म्हणजे आमच्या बाजूचेच. त्यांनी उभ्या केलेल्या संघटनेतून आणि सैन्याच्या तांत्रिक विभागांतून १९५८ साली डीआरडीओ तयार झाली.

ब्लॅकेटना बाहेरच्या माणसाची किंमत कळण्याचं कारण होतं. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांचा नेम सुधारण्यासाठी त्यांनी जी टोळी जमवली, तिच्यात तोफखान्यातले तज्ज्ञ जवळजवळ नव्हतेच. शरीरशास्त्रज्ञ होते, गणिती होते, एक खगोलशास्त्राकडचा, एक भूमापक. लोक चेष्टेने तिला 'ब्लॅकेटची सर्कस' म्हणत. तोफ रोज हाताळणाऱ्याला जे दिसेनासं झालेलं असतं, ते नवख्याला पहिल्याच दिवशी खटकतं, यावर त्या टोळीचं सगळं काम उभं होतं.

आता 'कच्ची' कल्पना म्हणजे किती कच्ची? याला एक मोजपट्टी आहे. अमेरिकेच्या नासाने १९७० च्या दशकात ती सुरू केली, आज आपल्याकडेही वापरतात. तंत्रज्ञानाच्या तयारीच्या नऊ पायऱ्या. पहिल्या पायरीवर फक्त मूळ तत्त्व कळलेलं असतं. दुसऱ्या पायरीवर त्याचा उपयोग कुठे होईल ते कागदावर मांडलेलं असतं. तिसऱ्या पायरीवर निदान प्रयोगशाळेत ते चालतं असं दाखवता येतं. सहाव्यापर्यंत नमुना खऱ्यासारख्या परिस्थितीत चालवून बघितलेला असतो, आणि नवव्यावर ती वस्तू प्रत्यक्ष कामगिरीत वापरली गेलेली असते. दादाचं स्ट्रेचर दुसऱ्या पायरीवर होतं. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. त्याच्या मते ते जवळजवळ तयार होतं.

मी त्याला म्हटलं, "तुझ्या टूलरूममध्ये डाय बनल्यावर साहेबाने भोक दोन मिलिमीटर सरकवायला सांगितलं तर?" तो हसला. डाय बनली की बदल म्हणजे पैसा आणि शिव्या दोन्ही. ड्रॉइंगवर असताना खोडरबर पुरतो. बाहेरच्याचं मत पहिल्या तीन पायऱ्यांवर मागायचं ते एवढ्यासाठीच. गंमत अशी की नेमकं तेव्हाच माणूस दाखवायला लाजतो. अर्धं काम दाखवलं तर हसतील, पूर्ण झाल्यावर दाखवू, म्हणतो. पूर्ण झाल्यावर मात्र त्याला मत नको असतं, शाबासकी हवी असते.

महूचंच एक उदाहरण मिळालं आणि मला फार आवडलं. १४ जानेवारी २०२१ ला 'अस्मी' नावाच्या ९ मिलिमीटरच्या मशीन पिस्तुलाची घोषणा झाली. आपल्या देशात घडलेलं पहिलं मशीन पिस्तूल. ते बनवलं महूच्या इन्फंट्री स्कूलने आणि पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने मिळून. सैन्याच्या बाजूने त्यावर काम करणारे अधिकारी होते लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड. लागलेला काळ फक्त चार महिने. वरचा भाग विमानात वापरतात त्या प्रतीच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. ट्रिगरचे भागसुद्धा धातूच्या थ्री-डी प्रिंटिंगने काढून बघितले, म्हणजे डाय न बनवताच नमुना हातात. एका नगाचा उत्पादन खर्च पन्नास हजार रुपयांच्या आत येईल असं तेव्हा सांगितलं होतं. २०२४ मध्ये सैन्याच्या उत्तर कमांडने अशी ५५० पिस्तुलं मागवली.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं. हे शस्त्र कोणासाठी, तर रणगाड्यातले, विमानातले लोक, गाडीचे ड्रायव्हर, रेडिओ आणि रडार चालवणारे. ज्यांचे हात दुसऱ्याच कामात गुंतलेले आहेत आणि ज्यांना लांब बंदूक बाळगायला जागा नाही असे. ड्रायव्हरच्या सीटवर बंदूक कुठे ठेवायची ही अडचण पुण्याच्या टेबलावर बसून किती जणांना सुचली असती? ती रोज भोगणारा माणूस पहिल्या रेघेपासून शेजारी बसलेला असला की चार महिने पुरतात. हे माझं मत आहे. पण टूलरूमवाल्या दादालाही ते लगेच पटलं.

म्हणजे सगळ्यांना दार उघडं केलं की झालं? तसंही नाही. १९१५ साली, पहिलं महायुद्ध युरोपात पेटलेलं असताना, अमेरिकेच्या नौदलाने एक सल्लागार मंडळ नेमलं. अध्यक्ष खुद्द थॉमस एडिसन. जनतेला आवाहन झालं, कल्पना पाठवा. सुमारे एक लाख दहा हजार आल्या! त्यातल्या तपशिलाने तपासण्याजोग्या निघाल्या साधारण एकशेदहा, आणि उत्पादनापर्यंत पोचली ती एक, वैमानिकांच्या सरावासाठीचं एक यंत्र. बाकीच्यांनी मूर्खपणा पाठवला असं म्हणून आपण हसू शकतो. पण पाठवणाऱ्यांना नौदलाची नेमकी अडचण कुठे ठाऊक होती? गुप्ततेपायी प्रश्न झाकून ठेवायचा आणि उत्तरं मात्र मागायची, असा तो प्रकार होता. आपल्याकडे निबंधस्पर्धेला विषय न देता निबंध मागवले तर काय येईल, तेच.

याची उलटी बाजूही आहे. दुसऱ्या महायुद्धात हेडी लमार ही हॉलिवूडची नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार, या दोघांनी पाणतीराला रेडिओने दिशा देण्याची एक युक्ती काढली. लहरींची वारंवारता सतत बदलत ठेवायची, म्हणजे शत्रूला अडथळा आणता येणार नाही. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेली कागदी गुंडाळी असते, तशीच दोन टोकांना एकाच चालीने फिरवायची. १९४२ साली पेटंट मिळालं, नौदलाने तेव्हा ते बाजूला ठेवलं. पुढे वारंवारता बदलत राहण्याचं हे तत्त्व बिनतारी संपर्कात सर्रास वापरलं गेलं. आता नटी आणि संगीतकार पाणतीराबद्दल सांगतात म्हटल्यावर फाईल उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल, कल्पना करा. कल्पना पारखताना आपण आधी नाव पारखतो, हा रोग काही एका देशाचा नाही.

आपल्याकडची आजची दारं थोडक्यात सांगते, कारण दादाला तीच हवी होती. डीआरडीओची 'डेअर टू ड्रीम' नावाची स्पर्धा आहे, डॉ. कलामांच्या स्मरणार्थ. ती एकट्यादुकट्या नागरिकाला आणि स्टार्टअपला, दोघांना खुली असते. २०२० च्या फेरीत एकट्यासाठी पाच लाखांपर्यंत आणि स्टार्टअपसाठी दहा लाखांपर्यंत बक्षीस ठेवलं होतं. दुसरं 'आयडेक्स', एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेलं. इथे सैन्यदलं आपली अडचण लिहून देतात आणि उत्तर मागतात. एडिसनच्या मंडळाची चूक टाळायचा हा प्रयत्न आहे असं मला वाटतं. अडचण त्यांच्या यादीत नसेल तर 'ओपन चॅलेंज'मध्ये आपण होऊन कल्पना मांडता येते. निवड झाली तर मूळ योजनेत दीड कोटींपर्यंत अनुदान मिळतं, मात्र तेवढाच वाटा आपणही उचलायचा असतो. तिसरा डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी, पण तो उद्योगांसाठी, आणि आकडे कोटींचे. दादाने त्यावर फक्त मान हलवली.

या सगळ्याची भाषा मुख्यतः इंग्रजी. दादाला ड्रॉइंग वाचता येतं, मायक्रोमीटर वाचता येतो, पण 'आपल्या प्रस्तावातली नावीन्यपूर्णता विशद करा' अशा थाटाचं इंग्रजी समोर आलं की तो मोबाईल उलटा ठेवतो. मी त्याला म्हटलं, आधी आपल्या भाषेत लिहू, इंग्रजीचं मग बघू. काय लिहायचं त्यासाठी जॉर्ज हाइलमायर कामाला आले. १९७० च्या दशकात ते अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेचे, 'डार्पा'चे, प्रमुख होते. कल्पना घेऊन येणाऱ्याला ते ठरावीक साधे प्रश्न विचारत. माझ्या शब्दांत सांगायचं तर: अवघड शब्द न वापरता सांग, तुला काय करायचंय? आज हे काम कसं होतं आणि कुठे अडतं? तुझ्यात नवीन काय? झालं तर कोणाला फरक पडेल? खर्च किती, वेळ किती, जोखीम काय? आणि चाललंय की फसलंय हे अधेमध्ये कळणार कसं?

दुसऱ्याच प्रश्नावर आम्ही आपटलो. आज हे काम कसं होतं? शोधलं, तर गुंडाळी होणारं, जमिनीवरून ओढत नेता येणारं प्लॅस्टिकचं स्ट्रेचर परदेशात कित्येक वर्षं विकलं जातंय. दादा तासभर बोलला नाही. मग म्हणाला, "त्याला चाक नाही." बरोबर. पण आता कल्पना 'ओढायचं स्ट्रेचर' राहिली नव्हती. ती 'एका माणसाला काढता-घालता येणारं चाक' एवढीच उरली होती. छोटी झाली, पण त्याची झाली.

मग मामांनी गल्लीतल्या सुभेदार काकांना बोलावलं. सैन्यातून निवृत्त होऊन देवासात स्थायिक झालेले, रोज सकाळी टेकडीला फेरी मारणारे. हे मला आधी सुचायला हवं होतं. आम्ही दिल्लीच्या योजना वाचत होतो आणि ज्यांनी खरंच माणसं उचलून आणली आहेत ते चार घरं सोडून राहत होते. काकांनी वही डोळ्यांजवळ धरून बघितली आणि विचारलं, "बेटा, हे चाक कशाने बसतं?"

"विंग नट आहेत काका, चार. पान्याची गरज नाही. हातानेच फिरवायचे."

"हातमोजे घातलेत. अंधार आहे. बोटं गारठलीत. एक नट खाली पडला. आता?"

दादाकडे उत्तर नव्हतं. काका पुढे बोलत राहिले. जखमी माणूस स्थिर नसतो, तळमळतो. एका चाकावर तो कलंडला तर ओढणाऱ्याला मागे दिसणार आहे का? चाकाचा आवाज किती? त्यांनी एकाही गोष्टीला वाईट म्हटलं नाही, नुसते प्रश्न विचारले. ते गेल्यावर दादा मामीवर उगीचच चिडला, चहा थंड होता म्हणून. मी गप्प बसले. आपण महिनोन्‌महिने सांभाळलेली वस्तू कोणीतरी दहा मिनिटांत खिळखिळी करतं तेव्हा कसं वाटतं, हे मंडळाच्या कवितावाचनात ज्यांनी आपली कविता वाचली आहे त्यांना सांगायला नको.

आता त्याचा दुसरा प्रश्न, चोरीचा. इथे दादाने आधीच थोडी गडबड केली होती आणि त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. मला दाखवायच्या आधी त्याने पहिली दोन पानं मित्रांच्या एका मोठ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती, कौतुक म्हणून. आपल्या पेटंट कायद्यात कल्पना अर्ज करण्याआधी लोकांसमोर आलेली नसावी लागते. उघड झालेली गोष्ट 'नवीन' राहिली नाही असा आक्षेप येऊ शकतो. सुदैवाने त्या पानांवर चाकाची जोडणी नव्हती. यावर साधा उपाय आहे, तात्पुरता अर्ज. कल्पनेचं वर्णन देऊन तारीख पक्की करायची, पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यायचा. एकट्या माणसाने ऑनलाइन भरला तर शुल्क १६०० रुपये. मध्य प्रदेश मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतो, म्हणजे देवासचा अर्जही मुंबईलाच. एकदा तारीख मिळाली की चारचौघांना विचारायला माणूस मोकळा होतो. गुप्तता आणि सल्ला यांचं भांडण बरंचसं तिथेच मिटतं.

संरक्षणाच्या बाबतीत १९७० च्या या कायद्यातली आणखी दोन कलमं माहीत असावीत. कलम ३५ प्रमाणे एखादा शोध देशाच्या संरक्षणाशी निगडित वाटला तर तो प्रसिद्ध करण्यावर बंदी घालता येते. आणि कलम ३९ प्रमाणे भारतात राहणाऱ्याने परवानगीशिवाय थेट परदेशात पेटंटचा अर्ज करायचा नाही; आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं, आणि बंदीचा आदेश असेल तर तेही चालत नाही. मोडलं तर शिक्षेची तरतूद आहे. इंटरनेटवर कोणी 'पाठवा, आम्ही परदेशात नोंदवून देतो' म्हटलं तर एवढं आठवावं.

हा लेख लिहिते आहे म्हटल्यावर मंडळातल्या एका मैत्रिणीने विचारलं, "आपल्या कॉलेजच्या अंकात शस्त्रांचं कशाला?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याला 'हे तर स्ट्रेचर आहे' म्हणून मी टाळू शकले असते. पण बाहेरचं मत म्हणजे फक्त 'हे असं सुधारा' नव्हे. 'हे करूच नका' हेही बाहेरचंच मत. डोळे कायमचे आंधळे करणारी लेझर शस्त्रं तयार होऊ लागली तेव्हा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने १९८९ पासून तज्ज्ञांच्या बैठका घेतल्या, त्यात नेत्रतज्ज्ञ होते. १९९५ मध्ये व्हिएन्नाला त्या शस्त्रांवर बंदी घालणारा करार झाला, रणांगणावर त्यांचा सर्रास वापर सुरू व्हायच्या आधी. भारतानेही तो स्वीकारला आहे. डोळ्यांचे डॉक्टर शस्त्रांच्या कारखान्यात नोकरीला नसतात. त्यांना वेळेवर विचारलं गेलं, म्हणजे वस्तू अजून खालच्या पायऱ्यांवर असताना. हजारो नग बनून गोदामात पडल्यावर तेच मत कोणी ऐकलं असतं का, मला शंका आहे.

होळीला परत देवासला गेले तेव्हा दादाने नवी वही काढली. विंग नट गेले होते. त्या जागी एक जाड खटका होता, तळहाताने दाबला की चाक सुटतं, आणि तो बारीक साखळीने स्ट्रेचरलाच बांधलेला, म्हणजे हरवायचा प्रश्न नाही. पानाच्या कोपऱ्यात तात्पुरत्या अर्जाचा क्रमांक लिहून ठेवला होता. संध्याकाळी आम्ही तिघं, दादा, मी आणि काका, अंगणात पोत्यात पन्नास किलो गहू बांधून लाकडी नमुना ओढून बघितला. काकांनी मामीकडून स्वयंपाकघरातले जाड हातमोजे मागून घेतले आणि डोळे मिटून खटका दाबला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा अडकला. दादाने तिथल्या तिथे लाल पेन काढलं.